फर्मागुडीच्या टेकडीवरून: बारावीनंतर कॉलेज निवडताना

बारावीचा निकाल लागला की फोंड्यात एक गोष्ट हमखास होते. गुण किती ते विचारून झाले की लगेच पुढचा प्रश्न येतो, "मग आता कॉम्प्युटर की मेकॅनिकल?" विचारणारा कधी काका असतो, कधी शेजारी, तर कधी देवळात भेटलेले कुणीतरी. मूल काहीतरी उत्तर देते. तेच उत्तर चार वेळा दिले की तोच निर्णय होऊन बसतो.

मी फोंड्याचा. बीई करून गेली बारा वर्षे सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आता नव्याने नोकरीला येणाऱ्या मुलांच्या मुलाखतीही घेतो. दर एप्रिल-मेमध्ये नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुलांचे फोन येतात. त्यांना फोनवर जे सांगतो, तेच इथे एकत्र लिहिले आहे.

आधी विषय, मग शाखा

शाखेचे नाव ऐकून काही कळत नाही. 'कॉम्प्युटर' म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर गेम आणि ॲप येतात. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, मेकॅनिक्स, ड्रॉइंग आणि थोडे प्रोग्रॅमिंग असते आणि ते बहुतेक सगळ्या शाखांना जवळपास सारखेच. तेव्हा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. त्यातला एक विषय निवडा, त्याची दोन-तीन व्याख्याने यूट्यूबवर शेवटपर्यंत ऐका. सगळे समजले नाही तरी चालेल. पण पुढे काय होते ते बघावेसे वाटले का? वाटले असेल तर शाखा तुमची. पाचव्या मिनिटाला मोबाईल हातात घेतला असेल तर घरच्यांशी पुन्हा एकदा बोला.

अभियांत्रिकी नको असेल तर त्यात कमीपणा नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बीएस्सी, बीकॉम, बीए आता चार वर्षांचे करता येते, आणि तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेरही पडता येते. भौतिकशास्त्र किंवा गणितात बीएस्सी करून 'जॅम' परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला जाता येते, हे आपल्याकडे फार थोड्या पालकांना माहीत असते. दहावीला असलेल्या धाकट्या भावंडांसाठीही एक वाट आहे. डिचोलीजवळ मये येथे सरकारी पॉलिटेक्निक आहे. तिथला तीन वर्षांचा डिप्लोमा चांगल्या गुणांनी केला तर बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची संधी मिळते. डिप्लोमा करून आलेली मुले हाताने काम केलेली असतात, ते मुलाखतीत लगेच कळते.

दारातली कॉलेजे

१९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा पणजीत वैद्यकीय शिक्षण होते. पण कला किंवा विज्ञानाची पदवी घ्यायची तर बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. मग १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज सुरू झाले, १९६७ मध्ये गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ. आमची फर्मागुडीची टेकडी तर नशीबवान. अभियांत्रिकी महाविद्यालय तिथेच, २०१० मध्ये सुरू झालेली एनआयटीही आधी तिथेच होती (आता ती कुंकळ्ळीला गेली), आणि २०१६ मध्ये आयआयटी गोवाचे वर्गही तिथेच सुरू झाले. पेडण्यात विर्नोड्याला आणि डिचोली तालुक्यात साखळीला सरकारी कॉलेज आहे. आजोबांना जे घर सोडून मिळवावे लागले, ते आज बसच्या अंतरावर आहे.

म्हणून 'बाहेर' जायचे असेल तर त्याला कारण हवे. बाहेर जे मिळणार ते इथे मिळत नाही, असे नेमके काय आहे? कारण सांगता आले तर जरूर जा. 'मित्र चाललेत' हे कारण नाही.

एक नियम मात्र अकरावीलाच माहीत हवा. एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात. आयआयटीत अशी सोय नाही. 'राज्यातला' म्हणजे तिथे राहणारा नव्हे, तर बारावी तिथून पास झालेला. डिचोलीच्या मुलीने कोट्याला जाऊन बारावीही तिथूनच दिली, तर एनआयटीच्या हिशेबात ती राजस्थानची ठरते आणि गोव्याच्या जागांवरचा तिचा हक्क जातो. गोव्यातल्या राज्य सरकारी कॉलेजांना रहिवासाचे वेगळे नियम आहेत. ते पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा, मागच्या वर्षी शेजाऱ्याने काय केले त्यावर जाऊ नका. मामलेदार कार्यालयातले दाखले निकालाआधीच काढून ठेवा. जूनमध्ये तिथली रांग बघितली की कळते.

कॉलेजला काय विचारायचे

माहितीपत्रकात 'सर्वाधिक पॅकेज' मोठ्या अक्षरात छापलेले असते. ते वर्गातल्या एका मुलाचे असते आणि तो मुलगा तुम्ही असालच असे नाही. तुम्ही विचारा, साठ मुलांचे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधल्याला किती मिळाले? आणि किती जणांना काहीच मिळाले नाही? जे कॉलेज हे आकडे देते, त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

दुसरे, कामाच्या दिवशी कॉलेजात जा आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी कँटीनमध्ये बोला. प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते का? शंका विचारायला शिक्षक भेटतात का? मागच्या सत्रात कुठला विषय कुणी शिकवलाच नाही, असे झाले का? अर्ध्या तासात खरे चित्र समजते.

तिसरे, प्रवास. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून फोंडा असे बस बदलत रोज यायचे म्हटले तर जायला दोन तास आणि यायला दोन तास सहज जातात. आठवड्याला वीस तास. एवढ्या वेळात एक अख्खा विषय तयार होतो. हॉस्टेलचा खर्च मांडताना हे वीस तासही हिशेबात धरा.

पैशांबाबत इतकेच सांगतो की, फी बघून आधीच माघार घेऊ नका. गोवा शिक्षण विकास महामंडळाची उच्च शिक्षणासाठी बिनव्याजी कर्जाची योजना आहे. खासगी कर्जाकडे वळण्याआधी तिची चौकशी करा. माशेल आपल्या फोंडा तालुक्यातले. तिथे १९४३ साली जन्मलेले रघुनाथ माशेलकर मुंबईत अतिशय गरिबीत वाढले. मॅट्रिकनंतर शिक्षण सुटण्याची वेळ आली होती, तेव्हा टाटा ट्रस्टच्या महिना साठ रुपयांच्या शिष्यवृत्तीने ते चालू राहिले. पुढे ते सीएसआयआरचे महासंचालक झाले. साठ रुपयांसाठी कुणीतरी अर्ज भरला होता, हे लक्षात ठेवा.

पहिले सत्र

आमच्या वर्गात पेडण्याच्या एका गावातला मुलगा होता. प्राथमिक शाळा मराठी, बारावीला उत्तम गुण. कॉलेजात सगळे इंग्रजीतून, तेही भराभर. हायस्कूलपासून पुस्तके इंग्रजीच होती, पण तिथले शिक्षक अडल्यावर आपल्या भाषेत समजावत. इथे तसे होईना. वर्गात हात वर केला तर वाक्य चुकेल, मुले हसतील, म्हणून तो गप्प बसू लागला. गप्प बसणारा मुलगा हुशार असला तरी तीन महिन्यांत मागे पडतो. पहिल्या सत्रात त्याचे तीन विषय गेले. घरी त्याने 'निकाल लांबला' असे सांगितले. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि कधीकधी पणजीच्या बसस्टँडवरच दिवस काढायचा. शिक्षण सोडून गावी दुकान टाकायचे त्याने जवळजवळ ठरवले होते.

त्याला सावरले ते एका प्रयोगशाळा साहाय्यकांनी. त्यांनी त्याला बाजूला घेऊन कोकणीत विचारले, आणि त्याने कोकणीत उत्तर दिले तेव्हा कळले की विषय त्याला समजतो आहे, बोलता येत नाही एवढेच. मग आम्ही चौघे संध्याकाळी एकत्र बसू लागलो. समजून घ्यायचे मराठी-कोकणीत आणि लिहायचे इंग्रजीत, असा नियम केला. राहिलेले विषय काढायला त्याला दीड वर्ष लागले. आज तो माझ्यापेक्षा चांगला इंजिनियर आहे.

ज्यांची प्राथमिक शाळा मराठी होती, त्यांना म्हणून सांगतो, पहिल्या पंधरा दिवसांतच एक तरी प्रश्न विचारा. वर्गात नको वाटले तर तासानंतर विचारा, आपल्या भाषेत विचारा. डोक्यात मराठीत विचार करणे हा अडथळा नाही. न विचारणे हा अडथळा आहे.

बाकी गोष्टी साध्या आहेत. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. पहिल्या सत्रात विषय राहिला तर तो पुढच्या सत्राच्या डोक्यावर बसतो, म्हणून सर्वात जास्त अभ्यास पहिल्या सत्रात करा. प्रयोगवही दुसऱ्याची उतरवू नका. आणि प्रोजेक्ट चॅटजीपीटीकडून लिहून घेतला तर मुलाखतीत तो टिकत नाही. मी एक ओळ दाखवून 'ही इथे का?' एवढेच विचारतो. गावच्या सोसायटीच्या दूध संकलनाचा हिशेब ठेवणारा छोटासा, पण स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम असेल, तर त्यावर अर्धा तास छान गप्पा होतात.

पालकांसाठी दोन शब्द

माझ्या त्या मित्राने वडिलांपासून निकाल लपवला, कारण घरात निकालावर फक्त दोनच प्रतिक्रिया त्याला माहीत होत्या, पेढे किंवा अबोला. तिसरी काही शक्यता आहे, असे त्याला कुणी कधी सांगितलेच नव्हते.

म्हणून प्रवेशाच्या आधीच, निवांत वेळी, मुलाला स्पष्ट सांगा, 'एखादा विषय राहिला तर आधी मला सांग, मग बघू.' तसे सांगितलेत तर ते पाळा. फोनवर रोज 'अभ्यास झाला का?' विचारण्यापेक्षा 'आज काय नवीन शिकवले?' विचारा. उत्तर एकसारखे 'काही नाही' असे येऊ लागले तर हॉस्टेलवर एक चक्कर मारा, सोबत घरचे काहीतरी खायला न्या, आणि पहिला तासभर अभ्यासाचे नाव काढू नका.

आणि मुलांनो, प्रवेशाचे अर्ज भरायला अजून वेळ आहे. या आठवड्यात तीन गोष्टी करा. एका विषयाची व्याख्याने ऐका, एका कॉलेजच्या कँटीनमध्ये जाऊन या, आणि दाखल्यांची यादी करून मामलेदार कार्यालयात पहिला अर्ज द्या. शाखेचे नाव त्यानंतर ठरवा. काकांना तोपर्यंत सांगा, 'बघतोय.'