डाळिंबाचे ऊतीसंवर्धन : बाटलीतील काळेपणा

गुटी कलमाबरोबर तेल्या रोग नव्या बागेत येऊ शकतो. म्हणून भगवा डाळिंबाच्या ऊतीसंवर्धित रोपांना मागणी आहे. पण ही रोपे महाग का पडतात?

डाळिंबात तुरटपणा देणारी फिनॉलिक द्रव्ये भरपूर असतात. शेंडा कापताच ती बाहेर येतात, हवेतील प्राणवायूमुळे काळी पडतात व तुकडा मरतो.

या द्रव्यांचे प्रमाण माध्यमातील अन्नद्रव्ये व संजीवकांवर अवलंबून असते. साखर जास्त व नत्र कमी झाले, की पेशींची वाढ मंदावते आणि फिनॉल वाढतात. २,४-डी मुळे बहुधा ते घटतात. बीएपीची मात्रा जास्त झाल्यास काळेपणा वाढू शकतो. यावर उपाय म्हणून क्षार कमी ठेवतात, कोळशाची भुकटी किंवा क जीवनसत्त्व घालतात व तुकडे वारंवार नव्या माध्यमात हलवितात. खर्च वाढतो तो इथे.

रोपे घेताना रोगमुक्ततेचा दाखला मागावा. ही रोपे रोगमुक्त असली तरी रोगप्रतिकारक नसतात. शेजारच्या बागेतून पावसाच्या थेंबांबरोबर तेल्या येतोच. तेव्हा बागेची स्वच्छता व वेळेवर फवारणी सोडू नये.