पाळणाघराच्या पिशवीत काय द्यायचं?

घरगुती पाळणाघरात कोणती वस्तू कुणी आणायची, याची माझी कसोटी एकच: बाळागणिक बदलते ती घरून, सगळ्यांना सारखी लागते ती मावशींकडची. म्हणून डायपर, अंगाला सोसणारं मलम, कपड्यांचे दोन जोड आणि दूध पालकांनीच द्यावं. चादरी, साबण, खेळणी तिथली. काढलेलं आईचं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवसांपर्यंत टिकतं, तेव्हा बाटलीवर नाव, तारीख, वेळ हवीच. (आपल्या उन्हाळ्यात त्या 4 तासांवर विसंबू नका!) ‘फीमध्येच सगळं घाला, रोजची कटकट नको’ असं काही पालक म्हणतात. पण मग डायपर सुटलेल्या मुलाचे आईबाबा तान्ह्याचा खर्च उचलतात, शिवाय नव्या ब्रँडने पुरळ उठलं तर जबाबदार कोण? पिशवी विसरलीच, तर मावशींनी राखीवातले 2 डायपर वापरावेत आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच मागून घ्यावेत.