औषधाचं लेबल काय सांगतं, काय लपवतं

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ज्यांना 'पेटंट औषधं' म्हणत, त्यांतल्या बहुतेकांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि तीच लपवायची होती. म्हणून कंपन्या जपत त्या नाव आणि लेबल. आपण गोळा करतो तो कागद ही त्यांची खरी मालमत्ता.

असं लेबल हाती आलं की आधी त्याचा काळ पाहावा. त्यावर १९०६ च्या अन्न व औषध कायद्याचा उल्लेख असेल, तर ते त्यानंतरचंच. 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' घ्या. दात येणाऱ्या बाळांना शांत करणारं हे औषध. त्यात मॉर्फिन होतं. काही बाळं पुन्हा जागी झालीच नाहीत. मॉर्फिनचा उल्लेख लेबलावर सक्तीचा झाला तो या कायद्याने.

पण १९११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की रोग बरा करण्याचा खोटा दावा या कायद्यात येत नाही. १९१२ च्या दुरुस्तीने तो आणला. तरी फसवणुकीचा हेतू सिद्ध करावा लागेच.

म्हणून एकाच औषधाची कायद्याआधीची आणि नंतरची लेबलं शेजारी ठेवावीत. सुटं लेबल चित्र दाखवतं. जोडी मिळाली, की गाळलेला शब्द दिसतो.