कॉफीचे यंत्र आणि घरचा हिशेब

दुकानात माल भरताना व्यापारी जितका विचार करतो, तितका विचार घरात वस्तू आणताना होतोच असे नाही. दुकानातील एखादा माल सहा महिने हलला नाही, तर त्यात अडकलेली रक्कम मालकाच्या डोळ्यांत सलू लागते. घराच्या माळ्यावर मात्र न हललेली यंत्रे वर्षानुवर्षे खोक्यांसह पडून असतात आणि त्यांची नोंद कोणत्याही खतावणीत नसते. फळांचा रस काढण्याचे यंत्र आणि पाव भाजण्याचे यंत्र यांच्या शेजारी अलीकडे कॉफीचे यंत्रही जाऊन बसू लागले आहे. कधी ते लग्नातील आहेर म्हणून येते, कधी दिवाळीची भेट म्हणून, तर कधी परदेशी असलेला मुलगा सामानातून घेऊन येतो. पहिला आठवडा कौतुकाचा जातो. पाहुण्यांना ते आवर्जून दाखवले जाते. पुढे केव्हातरी ते ओट्यावरून कपाटात आणि कपाटातून माळ्यावर जाते.

दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. कोणते यंत्र कोणत्या प्रकारच्या कॉफीसाठी घडवले आहे आणि घरात कोणती कॉफी प्यायली जाते, याचा मेळ घातलेला नसतो. म्हणून खरेदीआधी यंत्रांची प्रकृती समजून घेणे फायद्याचे ठरते.

स्टीलचा फिल्टर

सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगररांगेला आजही त्यांचेच नाव आहे. भारतातील कॉफीपैकी सुमारे ७० टक्के पीक एकट्या कर्नाटकात निघते. साहजिकच ज्या घरांच्या सोयरिकी कर्नाटकात आहेत, त्यांना दक्षिणी फिल्टर अपरिचित नाही. पूर्वी तो पितळी असे. आता बहुधा स्टीलचा असतो.

एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे, पूड दाबून धरणारी दांड्याची चकती आणि झाकण, एवढाच त्याचा संसार. वीज लागत नाही आणि बिघडण्यासारखा एकही भाग त्यात नाही. वरच्या भांड्यात पूड घालावी, चकतीने ती हलकेच बसवावी आणि उकळी येऊन गेलेले पाणी ओतावे. पंधरा-वीस मिनिटांत, कधी त्याहून सावकाश, दाट अर्क खाली उतरतो. तो गरम दुधात मिसळला की कॉफी तयार होते.

दक्षिणेत पुष्कळ घरांत फिल्टर रात्रीच लावून ठेवतात. जेथे रात्रीचा पदार्थ सकाळी न वापरण्याचा शिरस्ता आहे, तेथे हे जमत नाही; पण त्यामुळे अडतही नाही. सकाळी उठताच फिल्टर लावला, तर स्नान आणि देवदर्शन आटोपेपर्यंत अर्क उतरलेला असतो.

या फिल्टरविषयीची नेहमीची तक्रार म्हणजे ‘थेंबही उतरत नाही’. पूड फार बारीक असणे, चकती जोराने दाबली जाणे किंवा छिद्रे बुजणे, यांपैकी एक कारण बहुधा सापडते. वरचे भांडे उजेडासमोर धरले, की किती छिद्रे मोकळी आहेत ते लगेच दिसते. बुजलेले भांडे काही वेळ गरम पाण्यात भिजवून घासले, की काम भागते. उलट, अर्क भराभर उतरला आणि पाणचट लागला, तर पूड जाड आहे किंवा तिच्यात चिकोरी नाही असे समजावे. चिकोरीमुळे अर्क दाट होतो आणि सावकाश गळतो. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी, असा भारतातील नियम आहे आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. दर पाहण्याआधी ते प्रमाण पाहावे. निम्मी चिकोरी असलेले पाकीट स्वस्त दिसते. पण त्यात कॉफीही निम्मीच असते.

परदेशी यंत्रे आणि देशी दूध

जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये कागदी गाळणीचे पेटंट घेतले. कॉफीत उतरणारा गाळ आणि कडवटपणा यांना कंटाळून तिने मुलाच्या वहीतील टीपकागद छिद्रे पाडलेल्या पितळी भांड्यात बसवून प्रयोग केला होता. गरम पाणी पुडीवर पडावे आणि कागदातून गळून खाली यावे, याच तत्त्वावर पुढे १९५४ मध्ये जर्मनीतच विजेवर चालणारे घरगुती यंत्र निघाले. आज ‘कॉफी मेकर’ म्हणून जे यंत्र आपल्याकडे सर्रास मिळते, ते याच जातीचे.

त्याची रचना साधी असते. टाकीतील पाणी तळाच्या तापणाऱ्या नळीत येते, उकळून बुडबुड्यांच्या जोराने वर चढते आणि पुडीवर ठिबकते. बहुतेक यंत्रांत वेगळा पंप नसतो. तीच तापलेली नळी खालची तबकडीही गरम ठेवते. म्हणून तबकडीवर तासभर ठेवलेली कॉफी करपट लागू लागते.

हे यंत्र घडले ते दुधाविना कॉफी पिणाऱ्या लोकांसाठी. महाराष्ट्रातील घरांत कॉफी म्हणजे आटवलेले दूध, साखर आणि वर जायफळाची चिमूट. यंत्रातून उतरलेल्या पातळ कॉफीत दूध घातले, की ना धड कॉफी ना धड दूध, असे कोमट मिश्रण हाती येते आणि यंत्राची नापसंती तेथेच सुरू होते. उपाय अवघड नाही. पूड तेवढीच ठेवून पाणी निम्मे करावे आणि दूध स्वतंत्र उकळून त्यात मिसळावे. मात्र दूध थेट टाकीत ओतू नये. एकदा दूध आतल्या नळीत करपून बसले, की तो वास महिनोन्महिने जात नाही आणि नळीत ब्रशही पोहोचत नाही. झटपट विरघळणारी तयार कॉफीही या यंत्राच्या गाळणीत घालू नये. ती पाणी पडताच विरघळते, मग गाळायचे ते काय?

यंत्रावरील ‘दहा कप’ या शब्दांनीही फसगत होते. हा कप साधारण १२५ ते १५० मिलिलिटरचा असतो. घरातील मोठे मग भरायचे असतील, तर दहा कपांच्या यंत्रातून पाच-सहा जणांचीच सोय होते.

इटलीचे अष्टकोनी भांडे

इटलीत १९३३ साली आल्फोन्सो बियालेट्टी यांच्या कारखान्यातून मोका नावाचे अष्टकोनी ॲल्युमिनियमचे भांडे बाहेर पडले. खालच्या कप्प्यात पाणी, मधल्या चाळणीत पूड आणि वरच्या कप्प्यात तयार कॉफी, अशी त्याची मांडणी असते. गॅसवर ठेवले की वाफेचा दाब पाण्याला पुडीतून वर ढकलतो. कॉफी दाट उतरते आणि दुधासमोर टिकते. म्हणून आपल्या चवीला हे भांडे ठिबक यंत्रापेक्षा जवळचे आहे.

ज्या घरात कुकर वापरला जातो, त्या घराला मोक्याचे नियम नव्याने शिकावे लागत नाहीत. पाणी सुरक्षा झडपेच्या खालीच असावे, पूड दाबून भरू नये आणि आच मंद ठेवावी. मधून वाफ निसटू लागली, तर रबराची कडी बदलावी. आपल्याकडील गॅसच्या मोठ्या शेगडीवर हे लहान भांडे डळमळते, म्हणून खाली जाळी ठेवणे बरे. ज्वाळा बाजूने वर आली तर मूठ वितळते. ॲल्युमिनियमचे भांडे इंडक्शन शेगडीवर तापत नाही, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. यातील ‘तीन कप’ म्हणजे इटलीतील चिमुकले कप. सगळे मिळून जेमतेम दीडशे मिलिलिटर.

कॅप्सूलचा भाव

अलीकडे कॅप्सूलवर चालणारी यंत्रे श्रीमंती थाटाची मानली जातात. कळ दाबली की अर्ध्या मिनिटात कॉफी मिळते आणि सांडलवंड होत नाही, ही सोय खरी आहे. पण हिशेब मांडून पाहावा. एका कॅप्सूलमध्ये साधारण ५ ग्रॅम कॉफी असते. ती ५० रुपयांना पडते असे धरले, तर कॉफीचा दर किलोला १०,००० रुपये झाला. तेवढीच ५ ग्रॅम पूड ८०० रुपये किलोच्या पाकिटातून घेतली, तर ४ रुपयांत येते. यंत्र एकदाच विकत घेतले जाते, कॅप्सूल मात्र रोज घ्यावी लागते आणि तीही त्या यंत्रात बसणारीच. कोणत्याही व्यापाऱ्याला यातील मेख समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय प्रत्येक कपामागे एक रिकामे टोपण केरात जाते.

पाणी आणि सफाई

यंत्रे बंद पडण्याचे प्रमुख कारण पाणी हे आहे. विहिरीचे वा कूपनलिकेचे जड पाणी वापरले, की तापणाऱ्या नळीत क्षारांचा थर बसतो. यंत्र वेळ लावू लागते, घुरघुरते आणि एके दिवशी थांबते. एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवून ते यंत्रातून फिरवावे आणि मग दोनदा साधे पाणी फिरवावे. जड पाण्याच्या गावात महिन्यातून एकदा हे केले, तर यंत्राचे आयुष्य वाढते.

जेथे पाणी गाळून, उकळून आणि ठरावीक मुदतीतच वापरतात, तेथे आणखी एक मुद्दा उरतो. टाकीत पाणी रात्रभर राहू शकते आणि आतील नळी डोळ्यांना दिसत नाही. रात्री भरून सकाळी आपोआप सुरू होणारे यंत्र अशा घराच्या कामाचे नाही. ज्याची टाकी सुटी होते, रोज रिकामी करून पुसता येते, तेच घ्यावे. नाहीतर स्टीलचा फिल्टर किंवा मोका बरा, कारण त्यांचा कोपरा न् कोपरा हाताला लागतो.

कॉफीत तेलाचा अंश असतो. तो गाळणीला आणि भांड्याला चिकटून राहिला, की खवट होतो आणि दुसऱ्या दिवशीची ताजी कॉफीही बिघडवतो. दूध फेसाळणाऱ्या यंत्राची वाफनळी तर त्याच क्षणी पुसावी लागते. पुडीबाबतही घाऊक खरेदीचा नियम उलटा लागू होतो. दळलेल्या कॉफीचा सुगंध दोन-तीन आठवड्यांत उतरतो. म्हणून पाव किलोच आणावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

नोंद न झालेला खर्च

आता घसाऱ्याचा विचार. समजा यंत्राची किंमत ६,००० रुपये आणि आयुष्य पाच वर्षे. म्हणजे दरमहा १०० रुपये. रोज दोन कप झाले, तर कपामागे पावणेदोन रुपयांहून कमी खर्च येतो. तेच यंत्र पाहुण्यांसाठी म्हणून महिन्यातून चार कपांपुरते चालले, तर पूड, दूध आणि साखर धरण्याआधीच कपामागे २५ रुपये पडतात. विजेचा भार त्या मानाने किरकोळ आहे. ८०० वॉटचे यंत्र दहा मिनिटे चालले, तर साडेसात वेळांना एक युनिट जळते.

खरा मोठा खर्च मात्र वहीत कोठेच दिसत नाही. यंत्र घेण्याचा निर्णय पुष्कळदा दुकानाच्या गादीवर किंवा मुलाच्या मोबाइलवर होतो. त्याचे आठ सुटे भाग धुण्याचे काम स्वयंपाकघरातील बाईकडे जाते. एका कपासाठी पाच मिनिटे वाचली आणि धुण्यात दहा मिनिटे गेली, तर वाचले कोणाचे आणि गेले कोणाचे, हे घरातील पुरुषांनी स्वतःला विचारावे.

दुसरी बाजू वडीलधाऱ्यांची आहे. पहाटे साडेपाचला उठून स्वतःच्या हाताने फिल्टर लावणारी आजी पुष्कळ घरांत असते. नवे यंत्र येते, ओट्यावर जागा हवी म्हणून जुना फिल्टर माळ्यावर जातो. यंत्राच्या कळांवरील बारीक इंग्रजी अक्षरे तिला वाचता येत नाहीत आणि काही बिघडेल या भीतीने ती हातही लावत नाही. मग ती सुनेच्या उठण्याची वाट पाहत बसते. तिची तक्रार नसते, म्हणून ती कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पहाटेचा जो एक तास सर्वस्वी तिचा होता, तो गेलेला असतो. यंत्र आणायचे तर खुशाल आणावे. मात्र जुना फिल्टर तिच्या हाताशी राहू द्यावा. त्याला वीतभर जागाही लागत नाही.

घेण्यापूर्वी

खरेदीआधी चार गोष्टी कागदावर उतराव्यात: रोज किती कप लागतात, दुधाची लागते की दुधाविना, सफाई कोण करणार आणि दुरुस्ती गावात होते का. पूड यंत्राप्रमाणे घ्यावी. दक्षिणी फिल्टरला बारीक, ठिबक यंत्राला मध्यम, दांड्याने दाबण्याच्या काचेच्या भांड्याला जाड. दुधाची कॉफी पिणाऱ्या चारपाच माणसांच्या घराला मोठा स्टीलचा फिल्टर बहुधा पुरतो. दुधाविना कॉफी पिणारे अधिक असतील किंवा दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची उठबस असेल, तर ठिबक यंत्राचे पैसे वसूल होतात.

आणि ज्यांच्या माळ्यावर एखादे यंत्र आधीच पडून आहे, त्यांनी येत्या रविवारी ते खाली काढावे. वायर आणि प्लग तपासून, लिंबूसत्त्वाने धुऊन महिनाभर ते नेमाने वापरावे. तेवढ्यात घराला त्याची सवय लागली, तर उत्तम. न लागली, तर ज्याच्याकडे ते रोज चालेल अशा माणसाला चालू स्थितीत देऊन टाकावे. आणखी पाच वर्षे माळ्यावर राहिले, तर ते कोणाला देण्याच्या लायकीचेही उरणार नाही.