फ्रिजलाही न जुमानणारा जिवाणू

उरलेलं अन्न फ्रिजमध्ये ठेवलं की आपण निर्धास्त होतो. थंडीत बहुतेक जिवाणूंची वाढ मंदावते, हे खरंच आहे. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस मात्र ४ अंश सेल्सिअसलाही वाढत राहतो. कॅनडातल्या एका शेतकऱ्याने कोबीला मेंढ्यांचं लेंडीखत घातलं आणि काढलेला कोबी हिवाळाभर थंड कोठारात ठेवला. त्याच कोबीच्या कोलस्लॉ या सॅलडमधून १९८१ मध्ये नोव्हा स्कोशिया परिसरात ४१ जणांना लागण झाली. त्यात बहुतांश गर्भवती आणि त्यांची बाळं होती. लिस्टेरिया अन्नातून पसरतो, याचा भक्कम पुरावा तेव्हा हाती आला.

हा जिवाणू आतड्याचं अस्तर ओलांडतो, मेंदूपर्यंत जातो आणि वारेतून गर्भातल्या बाळालाही गाठतो. ते त्याला जमतं कसं? पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या पास्काल कोसार यांनी याच प्रश्नाला आयुष्य वाहिलं. १९९१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जिवाणूच्या पृष्ठभागावरचं इंटर्नॅलिन हे प्रथिन शोधलं. ते आपल्या पेशींवरच्या ई-कॅडहेरिनला जाऊन चिकटतं, हे १९९६ मध्ये कळलं. ई-कॅडहेरिनचं खरं काम शेजारशेजारच्या पेशी एकमेकींना धरून ठेवण्याचं.

पण एक कोडं उरलंच होतं. उंदरांना लिस्टेरिया खाऊ घातला तरी त्यांना माणसासारखा आजार होत नसे. कोसार यांचे सहकारी मार्क लक्वी यांनी माणसाचं आणि उंदराचं ई-कॅडहेरिन शेजारी ठेवून पाहिलं. सोळाव्या जागी माणसात प्रोलिन हे अमिनो आम्ल असतं, उंदरात ग्लुटामिक आम्ल. एवढ्याशा फरकामुळे इंटर्नॅलिन उंदराच्या पेशीला धरूच शकत नव्हतं! २००१ मध्ये या गटाने आतड्यात मानवी ई-कॅडहेरिन असलेले उंदीर तयार केले, आणि त्यांच्या पोटात गेलेल्या लिस्टेरियाने आतड्याचं अस्तर ओलांडलं. वर्षानुवर्षं ज्या प्राण्यावर प्रयोग चालले होते, तोच या प्रश्नापुरता गैरलागू होता, हे दाखवून देणं ही या संशोधनाची सर्वांत मोठी कमाई म्हणावी लागेल.

पेशीत शिरल्यावर तर हा जिवाणू आणखी धूर्त होतो. पेशीचंच ॲक्टिन हे प्रथिन मागे शेपटीसारखं जमवून, त्याच्या रेट्याने तो थेट शेजारच्या पेशीत घुसतो. बाहेर यावंच लागत नाही, त्यामुळे रक्तातली प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

लिस्टेरियाचा धोका आजही टळलेला नाही. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी या तयार मांसपदार्थातून हजाराहून अधिक जणांना लागण झाली आणि दोनशेहून जास्त दगावले. लक्षणं दिसायला कित्येक आठवडे लागू शकतात, तोवर काय खाल्लं होतं हे रुग्णाला आठवतही नाही.

म्हणून घरात गर्भवती, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेलं कुणी असेल, तर दूध उकळूनच द्या, फ्रिजमधलं अन्न आतपर्यंत वाफाळेल इतकं गरम करा आणि गरोदरपणातला ताप अंगावर काढू नका.