घर आणि शाळा यांमधला पूल

सापगावहून भातसा नदीचा पूल ओलांडून आपण शहापूरच्या बाजारात नेहमीच जातो. एकदा तेथे थोडा वेळ थांबा आणि नुसते ऐका. भाजी विकणारी कुणबी मावशी एका ढंगाने बोलते. मोळी घेऊन आलेल्या कातकरी बायका आपसांत निराळ्याच बोलीत बोलतात. एस.टी.ची वाट पाहणारे ठाकूर कुटुंब आपल्या बोलीत बोलत असते. कोकणी मुसलमान दुकानदार घरच्या माणसांशी कोकणीत आणि गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो. त्याचा मुलगा शाळेत उर्दू शिकतो. एवढ्याशा बाजारात इतक्या बोली! शाळेच्या फळ्यावर मात्र एकच भाषा असते, आणि ती पुष्कळ मुलांच्या घरची नसते.

त्यामुळे काय होते, याचा अनुभव मी लहानपणीच घेतला. मराठीच्या तासाला गुरुजी मला म्हणाले, "खाली बस." उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे. मी रिकामा बाक शोधू लागलो. सारा वर्ग हसला. मी मुद्दाम खोडी काढतो आहे, असे गुरुजींना वाटले. पुढे कित्येक दिवस मी मराठीच्या तासाला तोंडच उघडले नाही. मला अक्कल नव्हती असे नाही. एकच शब्द दोन भाषांत दोन अर्थांनी येतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. 'तालीम' हा शब्दही असाच आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र नाटकाची तालीम असते आणि पैलवानही तालमीत जातात.

आता मी वह्या तपासतो तेव्हा 'माझी पुस्तक हरवली' असे वाक्य हटकून दिसते. हे चुकीचे आहे, पण ही चूक वेड्यावाकड्या विचारातून आलेली नाही. उर्दूत दोनच लिंगे आहेत आणि 'किताब' स्त्रीलिंगी आहे. मराठीत तीन लिंगे आहेत आणि 'पुस्तक' नपुंसकलिंगी आहे. मुलाने घरचा नियम येथे लावला, इतकेच. चुकीमागचे कारण कळले की ती सुधारणे सोपे जाते. नुसते 'मठ्ठ' म्हटले, तर चूक तशीच राहते आणि मूल गप्प होते.

आपली अडचण ही अशी आहे. आपल्या शेजारच्या कातकरी मुलाची अडचण याहून मोठी आहे. कातकरी लोक पूर्वी खैराच्या झाडापासून कात तयार करीत. त्यावरूनच त्यांना हे नाव पडले. जंगलाचे कायदे कडक झाले, खैर तोडण्यावर बंधने आली आणि हा धंदा बुडाला. शेतजमीन फार थोड्यांकडे होती. मग मजुरी हाच आधार उरला. पावसाळा संपला की पुष्कळ कुटुंबे वीटभट्टीवर जातात. मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. दिवाळीनंतर गेलेले कुटुंब पावसाच्या तोंडावर परतते. शाळेचे वर्ष जून ते एप्रिल आणि भट्टीचा हंगाम दिवाळी ते पावसाळा. मग मुलाने अभ्यास करावा कधी? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शेकडा ८२ लोक साक्षर होते. अनुसूचित जमातींमध्ये मात्र शेकडा ६६ च्या आसपास होते. कातकरी तर या जमातींमधील सर्वांत दुर्बल गटांपैकी एक मानले जातात.

शिक्षक झाल्यावर शाळाबाह्य मुलांची नोंद करण्यासाठी मी एका वीटभट्टीवर गेलो होतो. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. मी विचारले, "सात आणि आठ किती?" ती खाली पाहू लागली. मी वहीत लिहिले, 'गणित येत नाही.' इतक्यात तिच्या आईने तिला विटांचा हिशेब विचारला. मुलीने एकदा ओळींकडे नजर टाकली आणि आपल्या बोलीत सांगितले : अठरा ओळी, एकेका ओळीत पंचवीस, तीन फुटल्या, म्हणजे चारशे सत्तेचाळीस. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते. हिशेब चुकला तर घरात पैसा कमी येतो. मी वहीतले माझे वाक्य खोडले.

तिला माझ्या प्रश्नाचे उत्तर का देता आले नाही? याचे उत्तर मला फार दूरच्या देशातील एका अभ्यासात सापडले. अमेरिकेत शर्ली ब्राइस हीथ नावाच्या विदुषीने कॅरोलिना भागातील गोऱ्या आणि काळ्या कामगारांच्या वस्त्यांमध्ये अनेक वर्षे राहून मुलांचे बोलणे ऐकले. तिचे पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. काळ्या कामगारांच्या वस्तीत मोठी माणसे मुलांना, ज्यांचे उत्तर स्वतःला माहीत आहे असे प्रश्न क्वचितच विचारीत. शाळेत मात्र बाई सारखे असेच प्रश्न विचारीत : "हा रंग कोणता?" मुलांना कळेना, बाईंना रंग दिसत असताना त्या विचारतात कशाला? ती गप्प बसत आणि बाईंना वाटे, यांना काही येत नाही. मग काही शिक्षकांनी मुलांच्या ओळखीच्या जागांची छायाचित्रे वर्गात आणली आणि विचारले, "येथे काय चालले आहे?" तेव्हा तीच मुले भरभरून बोलू लागली. माझा 'सात आणि आठ'चा प्रश्न बाईंच्या प्रश्नासारखा होता. आईचा प्रश्न खरा होता.

त्याच देशात मिशिगन राज्यातील अॅन आर्बर येथील काही काळ्या मुलांच्या पालकांनी न्यायालयात दाद मागितली. १९७९ मध्ये निकाल लागला. मुलांची घरची बोली लक्षात घेऊन त्यांना वाचन शिकवण्याची योजना करा, असे न्यायालयाने शाळांच्या मंडळाला बजावले.

आपल्याकडे हे काम त्याआधीच सुरू झाले होते, आणि तेही आपल्याच ठाणे जिल्ह्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. (हा डहाणू तालुका २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी पाड्यावरच्या अंगणात शाळा भरवली, ती अंगणवाडी. मुले गुरे घेऊन कुरणात जात, तेव्हा शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. खडे, पाने, बिया, शिंपले हेच शिकवण्याचे साहित्य झाले. १९९० नंतरच्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर शाळा चालवल्या. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून ती भोंगाशाळा. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल, तर शाळेने काही पावले चालायची, हाच त्यामागचा विचार होता.

मग घरची बोली पुरे, मराठी शिकायला नको, असे म्हणायचे का? मुळीच नाही. सातबारा मराठीत असतो. तहसील कचेरीतला अर्ज, नोकरीची जाहिरात मराठीत असते. ज्याला ही भाषा येत नाही, त्याला दुसऱ्याच्या सांगण्यावर अंगठा उठवावा लागतो. म्हणून मराठी शिकायचीच. पण घरच्या बोलीची लाज धरून नव्हे, तिच्या आधाराने शिकायची.

आपल्याला निदान उर्दू माध्यमाची शाळा आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे १९५६ पासून आपल्या संविधानातच लिहिलेले आहे. तरीही ६ ते १४ वयाच्या चार मुस्लिम मुलांपैकी एक मूल शाळेत गेलेच नाही किंवा मध्येच गळले, असे सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले. कातकरी बोलीला तर स्वतःची लिपीही नाही. मागे पडणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. मग बाजारात एखाद्या कातकरी मुलाच्या बोलण्यावर हसणे आपल्याला शोभेल का? 'खाली बस' ऐकून भांबावलेला मुलगा आठवा. पुढच्या वेळी हसण्याऐवजी त्या मुलाला विचारा, "तुमच्या बोलीत याला काय म्हणतात?" उत्तर तुम्हाला माहीत नसेल. म्हणूनच तो प्रश्न खरा असेल आणि तो मुलगा तुमच्याशी बोलेल.

स्वाध्याय

१. वीटभट्टीवरच्या मुलीने लेखकाच्या प्रश्नाचे उत्तर का दिले नाही?
२. 'कुरणशाळा' आणि 'भोंगाशाळा' यांत कोणते साम्य आहे?
३. उर्दू आणि मराठीत वेगळ्या अर्थाने येणारे आणखी तीन शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.