टीबीच्या औषधाने कृमींचं आयुष्य ६० टक्क्यांपर्यंत वाढलं, मग माणसाचंही वाढेल का?

रिफॅम्पिसिन हे टीबीवरचं महत्त्वाचं अँटिबायोटिक. लघवी केशरी करणारी गोळी म्हणून पेशंट ती ओळखतात. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि दिल्लीची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजी इथल्या शास्त्रज्ञांनी हे औषध सूत्रकृमींना देऊन पाहिलं. त्यांचं आयुष्य ६० टक्क्यांपर्यंत वाढलं. हे संशोधन २०१५ मध्ये ‘एजिंग सेल’ या जर्नलमध्ये प्रसिद्ध झालं.

कृमीच का?

सी. एलेगन्स हा कृमी जेमतेम १ मिलिमीटर लांब असतो आणि दोन-तीन आठवडेच जगतो. त्यामुळे अख्खं आयुष्य महिन्याभरात मोजून होतं. एकाच वयाच्या कृमींचे दोन गट करतात. एकाला औषध देतात, दुसऱ्याला नाही. मग ठरावीक दिवसांनी प्रत्येक कृमीला बारीक तारेने हलकेच स्पर्श करायचा. हलला तर जिवंत, नाही तर मृत.

खरी गोम कुठे आहे?

प्रयोगशाळेत या कृमींचं जेवण म्हणजे ई. कोलाय हे बॅक्टेरिया. कृमी म्हातारा झाला की हेच बॅक्टेरिया त्याच्या आतड्यात वाढतात आणि त्याचा जीव घेऊ शकतात. मेलेले बॅक्टेरिया खाणारे कृमी जास्त जगतात, हे आधीच माहीत आहे. म्हणजे अँटिबायोटिकने नुसते बॅक्टेरिया मारले तरी आयुष्य वाढलेलं दिसेल, आणि म्हातारपणाशी त्याचा काही संबंध नसेल! म्हणूनच अशा प्रयोगात दोन्ही गटांना आधीच मारलेले बॅक्टेरिया खाऊ घालून पुन्हा तपासावं लागतं.

रिफॅम्पिसिनच्या प्रयोगात आणखी एक धागा मिळाला. शरीरातली साखर प्रथिनांना चिकटते आणि ती प्रथिनं बिघडतात. वय वाढतं तसा हा बिघाड साचत जातो. रिफॅम्पिसिनने तो कमी केला. त्याच्याच कुळातलं रिफॅक्झिमिन हेही अँटिबायोटिक आहे, पण त्याला हे चिकटणं रोखता येत नाही. त्याने कृमींचं आयुष्य वाढलं नाही. उतारवयात रिफॅम्पिसिन सुरू केलं, तरी मात्र फायदा दिसला.

मग ही गोळी घ्यायची का?

अजिबात नाही. कृमीत जे दिसलं ते माणसात दिसेलच असं नाही. या गोळीने लिव्हरला त्रास होऊ शकतो. शिवाय गरज नसताना किंवा अर्धवट घेतली, तर शरीरातले जंतू तिला दाद देईनासे होतात. टीबीच्या जंतूंवर रिफॅम्पिसिन चालेनासं झालं, की उपचार जास्त अवघड होतात. शास्त्रज्ञांना हवा आहे तो यातून मिळालेला धागा. तो धरून म्हातारपणाच्या आजारांवर वेगळी औषधं शोधता येतील.